यंत्र सामाईक, खातं ज्याचं त्याचं

१९६४ साली मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसला. अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचं हे यंत्र यूएसएडच्या मदतीतून आलं होतं आणि त्या घडीला देशात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. त्याआधी चार वर्षं, १९६०मध्ये, याच संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने एक संगणक उभा केला होता. त्यात २७०० व्हॅक्यूम नळ्या होत्या आणि स्मरणात ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबात जेमतेम १० किलोबाइट. १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. टिफ्रॅक हे शिकण्यासाठी, आपल्यालाही हे जमतं हे पाहण्यासाठी बांधलेलं यंत्र. सीडीसी ३६०० आला तो मात्र कामाला जुंपण्यासाठी, आणि तोही एका संस्थेच्या नव्हे तर देशभरच्या कामाला. अणुऊर्जेचे शास्त्रज्ञ, विद्यापीठातले संशोधक, सरकारी खाती, कारखाने असे सगळे त्याच्या दारात उभे राहिले. यंत्र एक आणि मागणारे शेकडो, हा प्रश्न मुंबईत खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला.

त्यावरचा पहिला तोडगा म्हणजे रांग. माणसांची नव्हे, कार्डांची.

तेव्हाचा प्रोग्राम कागदावर लिहायचा, मग पंचिंग मशीनवर एकेक ओळ एकेका कार्डावर टोचून घ्यायची. कार्डावर ८० रकाने. फोरट्रानची आज्ञा ७२व्या रकान्यापर्यंत संपवायची आणि उरलेल्या आठांत कार्डाचा क्रमांक घालायचा, कारण गठ्ठा हातातून सुटला तर पुन्हा लावता आला पाहिजे. हुशार माणसं आणखी एक युक्ती करत. गठ्ठा घट्ट दाबून धरायचा आणि त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने एक तिरकी रेघ मारायची. एखादं कार्ड जागचं हललं की रेघ तुटलेली दिसे. मग रबर बँड लावून गठ्ठा खिडकीत द्यायचा. काचेपलीकडच्या थंडगार खोलीत जायची मुभा ऑपरेटरला. प्रोग्राम लिहिणाऱ्याला नाही. गठ्ठ्याच्या पहिल्या कार्डावर काम कोणाचं, कोणत्या खात्यावर वेळ मोजायची, जास्तीत जास्त किती मिनिटं चालू द्यायचं हे सगळं असे. गठ्ठे एकामागोमाग एक आत जात, उत्तरं लांबलचक घडीच्या कागदावर छापून बाहेर येत आणि ज्याच्या त्याच्या खणात जाऊन पडत.

यात एक स्वल्पविराम चुकला तर? यंत्र काही सेकंदांत चूक सांगून मोकळं होई. पण ती चूक कळायची दुसऱ्या दिवशी, छापील कागद हाती पडल्यावर. एक कार्ड बदला, गठ्ठा पुन्हा द्या, पुन्हा एक दिवस. संस्थेच्याच आवारात राहणाऱ्याला हे परवडे. बाहेरगावाहून आलेल्याचा मुंबईतला मुक्काम एका स्वल्पविरामापायी वाढत जाई. यंत्राचा क्षण महाग आणि माणसाचा दिवस स्वस्त, असा त्या काळाचा हिशेब होता. तो चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. परकीय चलन हाताशी नसलेल्या देशात एवढं मोठं यंत्र क्षणभरही रिकामं ठेवणं परवडणारं नव्हतं.

कल्याणजवळच्या मोहन्यातल्या जुन्या माणसांना हा हिशेब नवा वाटणार नाही. आंबिवली स्टेशनपलीकडे, उल्हास नदीच्या काठाला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना, सगळ्यांच्या तोंडी ‘एनआरसी’, दिवसरात्र चालायचा. मशीन एकच, त्यावर तीन पाळ्यांचे तीन कामगार. पहिल्या पाळीचा उठला की दुसरीचा उभा राहायचा. मशीन कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच नव्हता, पण हजेरीचं कार्ड आणि कपड्यांचं कपाट ज्याचं त्याचं. दुसऱ्याचं कार्ड कोणी टोचायचं नाही. हा साधा दंडक लक्षात ठेवला तर पुढची सगळी कथा समजायला सोपी जाते, कारण संगणकाच्या जगाला तो ठेच लागल्यावर कळला.

व्यापारी जगतात कहाणी थोडी आधी सुरू झाली होती. मुंबईत एस्सो या तेलकंपनीने १९६१मध्ये आयबीएम १४०१ आणला. भारतातल्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत संगणक शिरला तो तिथून. १४०१ एका वेळी एकच काम करणारा. पगारपत्रकं चालू असतील तर साठ्याचा हिशेब थांबणार. मग वाटणी व्हायची तासांची. ज्यांच्याकडे यंत्र होतं ते मोकळे तास दुसऱ्यांना भाड्याने देत. १९६८ साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं सुरुवातीचं बरंचसं काम टाटांच्याच कंपन्यांसाठी असं हिशेब करून देण्याचं होतं. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीतून मिन्स्क-२ आणि पुढे ईसी-१०३० आले. तिथेही कार्डांचे गठ्ठे आणि तीच वाट पाहणं.

याच सुमाराला कामगार संघटना यंत्राकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहत होत्या. आयुर्विमा महामंडळात संगणकाला तीव्र विरोध झाला. सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. १९७२मध्ये अहवाल आला. त्या वादात कामगारांची भीती खोटी नव्हती. एक यंत्र किती माणसांचं काम करणार हा प्रश्न पोटाचा होता. पण एका यंत्रावर किती माणसांना काम करता येईल, हा दुसरा प्रश्नही तितकाच मोठा होता, आणि त्याकडे आपल्या सार्वजनिक चर्चेत फारसं कोणी पाहिलं नाही.

तो प्रश्न अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या एमआयटीमध्ये सुटत होता. फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये ‘सीटीएसएस’ ही व्यवस्था चालवून दाखवली. कल्पना अशी: यंत्र इतकं वेगवान आहे आणि माणूस टाइप करताना इतका हळू, की यंत्राने एकाकडे क्षणभर पाहून दुसऱ्याकडे वळावं, मग तिसऱ्याकडे, आणि पहिल्याला कळायच्या आत त्याच्याकडे परत यावं. प्रत्येकासमोर टाइपरायटरसारखं टर्मिनल. प्रत्येकाला वाटतं यंत्र आपलंच आहे. स्वल्पविराम चुकला तर तिथल्या तिथे कळतो. याला ‘टाइम-शेअरिंग’ म्हणू लागले. गठ्ठ्यांची रांग संपली. तिच्या जागी क्षणांची रांग आली, आणि ती डोळ्यांना दिसेनाशी झाली.

पण एकाच यंत्राच्या पोटात अनेकांच्या फाइली आल्या तेव्हा कुंपण लागलं. म्हणून सीटीएसएसमध्ये प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि पासवर्ड देण्यात आला. संगणकावरचा पासवर्ड मुख्यतः इथूनच रुळला. तो टिकला किती? १९६२च्या वसंतात ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने एक कार्ड टोचून पासवर्डांची फाइलच छापायला टाकली आणि छापील कागद उचलून आणला. पुढे तो दुसऱ्यांच्या नावावर आपलं काम चालवत होता. त्याला मिळणारा वेळच इतका तोकडा होता की मला या माणसावर रागावता येत नाही. वाटणी कमी पडली की कुंपण मोडलं जातं, हे कुठल्याही व्यवस्थापकाने लक्षात ठेवावं.

दुसरा प्रसंग १९६६चा आणि जास्त बोलका. एके दिवशी यंत्रात लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. कॉर्बाटोंनी १९९१मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकीकत सांगितली. झालं होतं असं: मजकूर सुधारण्याचा जो प्रोग्राम होता तो काम चालू असताना एकाच ठरलेल्या नावाची तात्पुरती फाइल बनवत असे. एका खात्यात एकच माणूस काम करणार, हे त्यात गृहीत होतं. व्यवस्थापकांनी मात्र सोयीसाठी एक खातं आपापसांत वाटून घेतलं होतं. एकजण दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा त्याच वेळी पासवर्डांची फाइल सुधारत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. यंत्र शेकडो लोकांत वाटलेलं होतं, त्याने काही बिघडलं नाही. दोघांनी एक खातं वाटलं आणि सगळ्यांची कुलपं उघडी पडली.

एमआयटीजवळ, टेक्नॉलॉजी स्क्वेअरमध्ये, आयबीएमचं केंब्रिज सायंटिफिक सेंटर १९६४मध्ये सुरू झालं. तिथल्या रॉबर्ट क्रीसी यांनी आधी सीटीएसएसवर काम केलेलं होतं. लेस कोमो आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी वाटणीचा प्रश्न मुळापासून उलटा केला. एका यंत्रात अनेकांना जागा देण्यापेक्षा प्रत्येकाला अख्खं यंत्रच का देऊ नये? खरं नव्हे, प्रोग्रामने उभं केलेलं. पण आतल्या माणसाला आणि आतल्या प्रोग्रामला खऱ्यापेक्षा वेगळं जाणवू नये असं. १९६७च्या जानेवारीत सीपी-४० ही व्यवस्था कामाला लागली. आयबीएमच्या एका सिस्टिम/३६० मॉडेल ४० यंत्रावर, त्यात थोडा बदल करून, चौदा आभासी यंत्रं एका वेळी चालत. प्रत्येकाला २५६ किलोबाइट स्मरण. पाठोपाठ सीपी-६७ आलं आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. ‘व्हीएम’ म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आज मोबाइलवरून जे जे मागवतो त्यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या व्हीएमवर चालतं. त्याचं मूळ हे.

या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे आभासी कार्डं. प्रत्येक वापरकर्त्याच्या आभासी यंत्राला एक आभासी कार्ड-रीडर, एक आभासी पंच आणि एक आभासी प्रिंटर जोडलेला असे. तुम्हाला फाइल मला द्यायची असेल तर तुम्ही ती आपल्या आभासी पंचवर ‘टोचायची’ आणि गठ्ठा माझ्या रीडरमध्ये पाठवायचा. माझ्या यंत्रात शिरायची परवानगी तुम्हाला नाही. माझ्या दारात गठ्ठा ठेवायची आहे. तो उचलायचा की नाही हे माझं मी ठरवणार.

दुसरी गोष्ट तबकड्यांची. मोठ्या तबकडीचे छोटे तुकडे करून प्रत्येकाला एकेक देत, त्याला मिनिडिस्क म्हणत. त्यात १९० क्रमांकाची तबकडी सगळ्यांची मिळून एकच. तिच्यावर व्यवस्थेचे प्रोग्राम, ते फक्त वाचायचे, लिहायचं काही नाही. १९१ क्रमांकाची तबकडी प्रत्येकाची स्वतःची, तिच्यावर हवं ते लिहा. नाव दोन्हीकडे १९१, पण माझी १९१ वेगळी आणि तुमची वेगळी. जे सगळ्यांना सारखंच लागतं त्याच्या शंभर प्रती कशाला? आणि जे ज्याचं त्याचं आहे ते एकत्र कशाला? एवढ्या साध्या विभागणीवर सामाईक यंत्राचा सगळा संसार उभा राहिला. त्यानंतर अर्धशतकात जे नवं आलं ते वेग आणि आकार. विभागणी हीच राहिली.

हे व्हीएम/३७० आपल्याकडे लगेच पसरलं नाही. परदेशी कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा असा कायद्याचा आग्रह होता, आयबीएमला तो मान्य नव्हता. जुनी १४०१ यंत्रं दुरुस्त करून इथे भाड्याने देण्यावरही संसदीय समितीने ताशेरे ओढले होते. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८मध्ये, आयबीएमने भारतातलं दुकान बंद केलं. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. देशाचा स्वाभिमान म्हणून हा निर्णय अनेकांना आवडला. मला त्याची दुसरी बाजूही दिसते: वाटून वापरण्याची जगातली सर्वांत परिपक्व व्यवस्था ज्यांच्याकडे होती तेच निघून गेले आणि आपल्या तरुणांना ती पुढची कितीतरी वर्षं घरात शिकता आली नाही.

सुदैवाने कुलाब्यात तोवर दुसरी वाट उघडली होती. सत्तरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने टाटा संस्थेतच सॉफ्टवेअर विकासाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. तिथे डेकसिस्टिम-१० आला, टाइम-शेअरिंगसाठीच घडवलेला. टर्मिनलवर एक टिंब उमटे. त्यापुढे लॉगिन असं टाइप करायचं, मग प्रकल्पाचा क्रमांक आणि माणसाचा क्रमांक, दोन्ही अष्टमान पद्धतीत, मधे स्वल्पविराम. मग पासवर्ड. सिसटॅट ही आज्ञा दिली की या क्षणी कोण कोण आत आहे आणि काय चालवतंय याची यादी येई. काम आटोपलं की केजॉब. कार्डांच्या गठ्ठ्याबरोबर दिवस दिवस घालवलेल्या माणसाला हे काय वाटलं असेल याची कल्पना करून पाहा. आपली चूक आपण टाइप केल्यावर लगेच दिसते, लगेच सुधारता येते; मधे ऑपरेटर नाही, खिडकी नाही, उद्या नाही. या केंद्राचं १९८५मध्ये एनसीएसटी झालं, एस. रमणी त्याचे पहिले संचालक. जुहूला गेलेल्या त्याच केंद्रातून आणि पवईच्या आयआयटीतून पुढे अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या जाळ्याची, आणि त्यावरच्या सुरुवातीच्या ई-मेलची, तार जुळली. आता ते सी-डॅक मुंबई आहे.

सामान्य माणसाची सामाईक संगणकाशी पहिली गाठ मात्र रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर पडली. सीएमसीने १९८५-८६मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केलं, थोड्याच काळात ते मुंबईत आलं. त्याआधी एका गाडीची वही एका खिडकीवर. पुण्याच्या गाडीची रांग वेगळी, नागपूरची वेगळी. आता कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट, कारण सगळ्या खिडक्या एका यंत्राला जोडलेल्या. दोन कारकून एकाच क्षणी एकच बर्थ विकू शकत नाहीत, याची काळजी ते यंत्र घेत होतं.

आणि मग १५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, इंटरनेट खुलं केलं. चित्रांसकट इंटरनेट हवं तर महाग खातं; मध्यमवर्गाने घेतलं ते ‘शेल’ खातं. हे शेल खातं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावंच लागेल, कारण मुंबई परिसरातल्या हजारो लोकांनी एक यंत्र खऱ्या अर्थाने वाटून घेतलं ते तेव्हाच. मॉडेम किरकिर करत जोडला जाई आणि आपण थेट एका नाव असलेल्या यंत्रात शिरत असू: जीआयएएसबीएम०१. त्यातलं ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे. लोकांच्या ई-मेलच्या पत्त्यातच त्या यंत्राचं नाव असे. आपला घरचा संगणक नुसतं टर्मिनल. पत्रं वाचायची ‘पाइन’मध्ये, वेब पाहायचं ‘लिंक्स’मध्ये, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. फाइल आधी त्या यंत्रावर, आपल्या वाट्याच्या जागेत उतरवायची आणि मग फोनवरून घरी ओढायची. जागा भरली की पत्रं यायची थांबत.

कल्याण-डोंबिवलीकरांना यात एक जास्तीचा चिमटा होता. महानगर टेलिफोनची हद्द ठाण्यापर्यंत. कल्याणचा कोड ०२५१, मुंबईचा ०२२. मुंबईला लावलेला फोन ठाणेकराला स्थानिक होता, मोहनेकराला नव्हता. म्हणजे यंत्र सगळ्यांचं, खातंही सारख्याच दराचं, पण त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता काहींना स्वस्त आणि काहींना महाग. वाटणीचा इतिहास लिहिताना आपण यंत्राबद्दल खूप बोलतो, या रस्त्याबद्दल कमी. कार्डांचा गठ्ठा घेऊन कुलाब्याला जाणाऱ्याला लोकलचा पास लागत होता, शेल खात्याला टेलिफोनचं बिल. दूर राहणाऱ्याने नेहमी थोडं जास्त मोजलं आहे.

दरम्यान घरगुती संगणक स्वस्त झाला आणि वाटलं, वाटणीचं युग संपलं. प्रत्येकाचं यंत्र आपापलं. उलटंच घडलं. १९९८मध्ये अमेरिकेत डायन ग्रीन, मेंडेल रोझनब्लम आणि त्यांच्या साथीदारांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि १९९९मध्ये साध्या पीसीवर आभासी यंत्र चालवून दाखवलं. इंटेलच्या त्या काळच्या चिपवर हे सहज होणारं काम नव्हतं. काही आज्ञा अशा होत्या की आभासी यंत्राच्या आतून दिल्या तरी बाहेरच्या पहारेकऱ्याला पत्ताच लागत नसे. त्या आयत्या वेळी शोधून बदलाव्या लागत. २००५-०६मध्ये इंटेल आणि एएमडीने चिपमध्येच सोय केली आणि मग हे घरोघर आलं. २००७मध्ये व्हर्च्युअलबॉक्स हा असाच प्रोग्राम खुला झाला, आधी सनकडे, मग ओरॅकलकडे गेला, आणि फुकट मिळतो म्हणून आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांचा लाडका झाला. २००६मध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्रं तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. १४०१चे तास विकले जात तोच व्यवहार, फक्त आता विकत घेणाऱ्याला अख्खं यंत्र मिळाल्याचा भास. २०१६मध्ये ॲमेझॉनने मुंबई विभाग सुरू केला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापेला, जिथे रसायनांचे कारखाने धूर सोडत होते तिथे डेटा सेंटर्स उभी राहिली आहेत. मोहन्याच्या एनआरसीला मात्र २००९मध्ये टाळं लागलं आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षं रेंगाळला.

आता मोहन्यातल्या, आटाळी-वडवलीतल्या घरांकडे या. घरात एक संगणक. मोठी मुलगी अभियांत्रिकीला, धाकटा बारावीत, वडील कधीमधी हिशेब लिहायला बसतात. मुलीला लिनक्स हवं म्हणून तिने व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक आभासी यंत्र बनवलं. विंडोजमध्ये भावाचं खातं वेगळं. त्याने आपल्या खात्यातून व्हर्च्युअलबॉक्स उघडला तर यादी रिकामी. कारण आभासी यंत्रांची यादी ज्याच्या त्याच्या खात्यात राहते. मग पहिला सुचणारा उपाय: भावाला स्वतःचा पासवर्ड देऊन टाकायचा. १९६६मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापकांनी केलं ते हेच.

दुसरा उपाय बरा: आभासी यंत्राचा फोल्डर सगळ्यांच्या, म्हणजे ‘पब्लिक’ जागेत हलवायचा, दोघांना लिहिण्याची परवानगी द्यायची आणि प्रत्येकाने आपल्या यादीत तो जोडून घ्यायचा. हे चालतं. पण दोघांनी एकाच वेळी नाही. एकीने यंत्र चालू ठेवून नुसतं खातं बदललं तर दुसऱ्याला तबकडी कुलूपबंद मिळते. त्याहून मोठा धोका स्नॅपशॉटचा, म्हणजे यंत्राच्या जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीचा. मुलीचा काही प्रयोग फसला, तिने मागच्या रविवारच्या स्नॅपशॉटवर यंत्र परत नेलं, आणि भावाचं आठवड्याचं काम त्याबरोबर पुसलं गेलं. यात कोणाचीच चूक नसते. तबकडी एकच असल्यामुळे तिचा भूतकाळही एकच असतो.

नीट उपाय जुनाच आहे, १९० आणि १९१चा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मूळ तबकडीला ‘मल्टिअटॅच’ असा प्रकार देता येतो. एकदा लिनक्स बसवून, लागणारी सॉफ्टवेअर्स घालून ती तबकडी गोठवायची. मग प्रत्येकाने आपलं वेगळं आभासी यंत्र करायचं आणि त्याला तीच तबकडी जोडायची. मूळ तबकडीवर कोणी लिहीत नाही. ज्याने जे बदललं ते त्याच्या स्वतःच्या छोट्या फाइलीत साठतं. पंचवीस गिगाबाइटांच्या तीन प्रती ठेवायची गरज नाही, आणि एकाचा स्नॅपशॉट दुसऱ्याला लागत नाही. हे जमत नसेल तर निदान आतल्या लिनक्समध्ये प्रत्येकाच्या नावाने वेगळा वापरकर्ता उघडावा. पाच मिनिटांचं काम आहे.

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत अजूनही सगळ्या मुलांना एकच ‘स्टुडंट’ खातं आणि फळ्यावर लिहिलेला एकच पासवर्ड दिला जातो. मुलं आपलं काम पेन ड्राइव्हवर घरी नेतात, कारण उद्या ते जागेवर असेलच याची खात्री नसते. ज्या मुलाकडे घरी संगणक आहे त्याचं यात फार बिघडत नाही. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी प्रयोगशाळेतली ती जागा हीच काय ती स्वतःची जागा, आणि तीच त्याला मिळत नाही.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांना आणि घरातल्या थोरल्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. दहा मुलांत एक यंत्र असेल तर असू द्या. सीडीसी ३६००वर देशाने याहून मोठी कामं याहून मोठ्या गर्दीत केली आहेत. पण जूनमध्ये वर्ग सुरू होईल त्या पहिल्या तासाला प्रत्येकाच्या नावाने खातं उघडा, आणि पासवर्ड त्या मुलाला स्वतःच्या हाताने टाकू द्या.